घडासकट केळ

आमच्या गावात कुणाला केळीचा खांब लागला की पहिली आठवण माझ्या परसाची होते. श्रावणातला सत्यनारायण असो, गौरी-गणपती असो, लग्नाचा मांडव असो, नाहीतर कुणी हप्त्यावर नवी गाडी आणलेली असो, निघाले कोयता घेऊन. आणि येणार कुठून, तर मागच्या कुंपणाकडून. पुढचं दार सताड उघडं असतं, मी उंबऱ्यातच तांदूळ निवडत बसलेली असते, तरी वळसा घालून मागं जाणार आणि तिथून हाक मारणार, "ताई, हायसा का घरात?" ती हाक ऐकली की माझं पित्त खवळतं. मी अंगणवाडीत होते म्हणून सगळं गाव मला ताई म्हणतं. ताई म्हणायचं, पण पुढच्या दारानं यायचं नाही.

आधी परस कसं आहे ते सांगते, नाहीतर वाटेल, बाईला नुसतं तोंड सोडायची सवय आहे. आमचं गाव वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. इथं पावसाळ्यात भिंतींना शेवाळ धरतं आणि उन्हाळ्यात डोंगर नुसते भाजून निघतात. मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागं मुरूम होता आणि त्यात मोरीचं पाणी उघड्यावर पसरलेलं. मी त्या पाण्याला चर खणून दिला. चराच्या तोंडाशी आळू लावला, कारण आळवाला कितीही चिखल चालतो. त्याच्या पुढं केळी. पाणी जरा मुरलं की तिथं पपई, कारण पपईच्या बुडाशी पाणी साचलं की ती दोन दिवसांत मान टाकते. वरच्या बांधाला हळद, आलं आणि कढीपत्ता. कोपऱ्यात फणस आहे, तो माझ्या माहेरच्या, पासलीच्या फणसाच्या आठळीपासून आलेला. सुपारीचंही एक झाड आहे. ते नुसतं उंच गेलंय आणि कामाचं काही देत नाही, आमच्या ह्यांच्यासारखं.

केळीचं पहिलं पिल्लू मी भोंगवलीच्या मावशीकडून आणलं होतं. ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत पायाशी घेऊन. मावशीची केळ बुटकी, पातळ सालीची आणि खूप गोड. ती तिला नुसती देशी म्हणायची. मावशीनंच मला शिकवलं, की बुंध्याशी पिल्लं फुटली तर सगळी ठेवायची नाहीत. भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद पानांचं एकच ठेवायचं, रुंद पानांची काढून टाकायची, ती नुसती दिसायला बाळसेदार. चुलीतली राख घालायची, शेण घालायचं, वारं सुटायच्या आत टेकू द्यायचा. आमच्याकडं थंडी जास्त, म्हणून केळफूल बाहेर पडायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. फूल पडल्यावर घड भरायला पुढं तीन-चार महिने. फळाला कंगोरे असतात तोवर ते कच्चं. कंगोरे मोडून फळ गोल झालं की घड उतरवायचा.

एका खांबाला एकदाच घड येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घड उतरवला की तो खांब तोडून टाकायचा असतो. तेवढंच धरून आमच्या गावानं आपल्या सोयीचा कायदा केला. "ताई, तशी बी तोडायचीच हाय की न्हाई?" असं म्हणतात आणि कोवळा खांब छाटतात. अहो, तोडायची आहे, पण फळ देऊन झाल्यावर. फूल यायच्या आधी मांडवाला नेली, हाताएवढ्या घडासकट चौरंगाला नेली, तर मी वर्षभर राख कुणासाठी घातली? पण हे बोलायची सोय नव्हती. देवाचं काम म्हटलं की पुढं बोलणारी बाई वाईट.

आणि ज्या देवाचं काम, तो आमच्या घरात नाही. आम्ही बौद्ध. आमची आळी ओढ्याच्या अलीकडं, बाकी गाव पलीकडं. आता पहिल्यासारखं काही राहिलं नाही, असं गावात सगळेच सांगतात. सांगणारे बहुतेक पलीकडचे असतात. वरच्या आळीतल्या एक वहिनी आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांचा थोरला माझ्या अंगणवाडीत होता, माझ्या मांडीवर बसून खिचडी खायचा, हात धुऊन दिल्याशिवाय घरी जायचा नाही. या वहिनी पानं न्यायला, खांब न्यायला, आळू न्यायला वर्षातनं कितीतरी वेळा येतात. दर वेळी मी म्हणते, चहा टाकते. दर वेळी त्यांचं काहीतरी निघतं. आत्ताच घेतला. उपवास हाय. पित्त झालंय. डॉक्टरांनी साखर बंद केलीया. वैशाख पौर्णिमेला मी खीर करते, डबा भरून त्यांच्या ओट्यावर नेऊन देते. डबा दुसऱ्या दिवशी लखलखीत घासून परत येतो. खीर कशी झाली होती, हे आजवर एकदाही कुणी बोललं नाही. एकदा त्यांच्या गोठ्यापाशी मला खिरीतले काजू दिसले, म्हशीच्या पाटीत. त्या दिवशी मी घरी येऊन ह्यांच्यावर ओरडले, कारण दुसरं कुणी समोर नव्हतं.

आमचे हे, गावाचे दादा, टेम्पो चालवायचे. आता गुडघ्यांमुळं घरीच असतात. माणूस सज्जन, इतका की चीड यावी. कुणी काही मागितलं की ह्यांच्या तोंडातून नाही निघतच नाही. मी बोलायला लागले की एकच ठरलेलं, "गावात ऱ्हायाचंय आपल्याला." जसं काही गाव आम्हाला भाड्यानं राहू देतंय.

पण मला राग येण्याचं खरं कारण आमची लेक. लेक लहान असताना रोज सकाळी घडाखाली उभी राहून विचारायची, "आज पिकलं का?" मी म्हणायची, अजून नाही. एकदा घड चांगला भरत आला होता आणि श्रावणात कुणीतरी तो घडासकट नेला. ती शाळेतून आली, बुडखा पाहिला आणि तिथंच मातीत बसून रडली. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी तुझ्यासाठी ठेवते. पुढच्या वर्षी लग्नाचा मांडव आला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. पोरगी मोठी झाली, पुण्याला नर्सिंग शिकली, तिथंच दवाखान्यात लागली, पण आपल्या परसातलं पिकलेलं केळं तिच्या तोंडात पडलं नाही. मग तिला आखातात नोकरी लागली. जायच्या आधी आठवडाभर घरी येणार होती. फोनवर हसत हसत म्हणाली, "आई, जायच्या आधी एकदा घरचं केळं खाऊ घाल बाई, नाहीतर तिकडं जाऊन मी भूत होऊन परत येईन." तिनं चेष्टा केली. मी फोन ठेवला आणि परसात जाऊन घडाकडं बघत राहिले.

घड होता. माघात फूल पडलं होतं, वैशाखात लेक यायची होती, हिशेब बरोबर जमत होता. मी खांबाला बेचक्याचा टेकू दिला. वटवाघळं आणि माकडं नकोत म्हणून घडाभोवती जुनी साडी गुंडाळली. खालचं केळफूल खुडून त्याची भाजी केली, म्हणजे घडाला जोर मिळतो. सकाळ-संध्याकाळ साडी वर करून कंगोरे बघायची. हे म्हणाले, "बाळंतिणीला बी एवढं जपत न्हाईत." मी म्हटलं, माझ्या बाळंतपणात तुम्ही टेम्पो घेऊन नाशिकला होता, तुम्हाला काय माहीत.

तेवढ्यात वहिनींच्या थोरल्यानं बंगला पुरा केला. पाण्याच्या बाजूला उतारावर, पुण्याच्या पाहुण्यांना शनिवार-रविवारी द्यायला. त्याची वास्तुशांत आणि सत्यनारायण ठरला. वहिनी कुंपणापाशी आल्या.

"ताई, पैल्या घराची पूजा हाय. घडासकट केळ पायजे. तुमच्याकडं हाय न्हवं?"

मी म्हटलं, "आहे. पण देणार नाही. लेक परदेशात चाललीय, तिच्यासाठी ठेवलाय घड. बिनघडाचे खांब हवे तेवढे न्या."

माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. वहिनींना आधी ते कळलंच नाही. त्या हसल्या, मग थांबल्या. "देवाच्या कामाला न्हाई म्हनता?" मी म्हटलं, "तुमच्या कामाला नाही म्हणते. देवानं मागितली तर बघू." त्या तोंड फिरवून गेल्या. रात्री हे खाली मान घालून जेवले. मला वाटलं, जिंकले.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. थोरल्यानं आईला सांगितलं, की त्यांच्याकडनं मागायची गरजच नाही, आपल्या गेटला दोन्ही बाजूंनी केळी लावल्यात की. त्यानं नर्सरीतून टेम्पो भरून झाडं आणली होती. पंख्यासारखी पानं पसरणारी, लाल-पिवळ्या चोचीसारखी फुलं येणारी, आणि केळीसारख्याच पानांची एक रांग. पाहुण्यांना आवडतं म्हणे असं हिरवंगार. त्या सगळ्या बागेत खायला म्हणून एक पान उपयोगाचं नव्हतं. दहा पिढ्या शेती केलेल्या घरातला पोरगा, पण पानं केळीची दिसली म्हणून ती केळच असं धरून बसला. पूजेच्या सकाळी गुरुजी आले, खांब बघितले आणि म्हणाले, ही केळ नव्हे, शोभेचं झाड आहे, पूजेला फळणारी केळ लागते. झाली का पळापळ. वेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता, म्हणजे मी घरी नाही, हे सगळ्या गावाला माहीत.

मी दुपारी बाजारातून आले. पिशव्या ठेवल्या, पाय धुवायला मागं गेले. आळू तुडवलेला होता. केळीच्या जागी बुडखा होता आणि त्यातून पाणी पाझरत होतं. टेकूचं बेचकं बाजूला पडलेलं, साडी व्यवस्थित घडी घालून दगडावर ठेवलेली. ती घडी पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर साडीची घडी घालत नाही. आत आले तर हे कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडलेले, आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे डाग. तो डाग आधी पाण्यासारखा दिसतो आणि तासाभरात काळपट पडतो, कशानं निघत नाही. मला काही विचारायचं उरलं नाही.

तरी विचारलं. "तुम्ही तोडून दिलात?"

"थोरला सोता आला हुता. पाया पडला माज्या. म्हनला, गुरुजी खोळंबलेत, पावनं आल्यात, अब्रूचा प्रश्न हाय."

"आणि पोरीला काय सांगायचं?"

"तिला बाजारातनं आनू की केळी. गावात ऱ्हायाचंय गं आपल्याला."

"राहा तुम्ही गावात," मी म्हटलं, "मी आलेच." परसात कोयता पडला होता, आमचाच. म्हणजे हत्यारसुद्धा आमचंच वापरलं होतं. तो उचलला आणि बाजाराला नेसलेल्या साडीतच निघाले. ओढा ओलांडला, वरची आळी ओलांडली, लोक बघत होते, बघू देत. हे मागून लंगडत येत हाका मारत होते. मी वळले नाही.

बंगल्याच्या दारात ती शोभेची रांग उभी होती, नर्सरीची. मी चपला काढल्या आणि सरळ दिवाणखान्यात गेले. वहिनींच्या कुठल्याच घरात मी आजवर ओट्याच्या पुढं गेले नव्हते. त्या दिवशी कुणाला थांबवायला सुचलं नाही, बहुतेक कोयत्यामुळं. कथा चालू होती. चौरंगाच्या चार कोपऱ्यांना चार खांब, त्यातले तीन कुठूनतरी आणलेले बिनघडाचे, उजव्या हाताचा माझा, घड पुढं काढून ठेवलेला, घडाला हळद-कुंकू लावलेलं. वहिनी सुनेच्या मागं बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

मी बायकांत बसले. शेजारची बाई सरकली. जागा द्यायला कोण सरकतं आणि लांब व्हायला कोण, हे कळण्याएवढं वय झालंय माझं. कोयता मांडीखाली ठेवला आणि कथा ऐकली. पुरी ऐकली. मध्ये उठून तमाशा करायचा नव्हता मला. कुणाची पूजा मोडायची नव्हती. मला माझा घड हवा होता.

आरती झाली, प्रसाद वाटायला लागले. सगळ्यांना स्टीलच्या वाट्यांत शिरा. माझ्यापाशी आल्यावर सून घुटमळली, आत गेली आणि कागदी द्रोण घेऊन आली. वाट्या संपल्या असतील, असं कुणी म्हणेल. माझ्या पलीकडच्या बाईला वाटी मिळाली. शिरा चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. त्यात केळं होतं, पिकलेलं, बाजारातलं. प्रसादाला पिकलेलं केळं लागतं, ते विकत आणलं होतं. माझी कच्ची केळी नुसती दिसायला बांधली होती.

द्रोण रिकामा करून मी उठले. म्हटलं, "वहिनी, घड न्यायला आलेय."

सगळ्यांचे हात थांबले. वहिनी हळूच म्हणाल्या, "आवो ताई, असं काय करता. देवाला वाहिल्यालं परत नेत्यात का कुठं?"

"देवाला वाहिलं कुणी? मी तर वाहिलं नाही."

"दादांनी दिली की सोताच्या हातानं."

"दादांनी राख घातली नव्हती."

थोरला पुढं आला. माझ्या मांडीवर बसून खिचडी खाणारा तोच, आता पोट सुटलेला, गळ्यात उपरणं. "ताई, मी उद्या पुण्यातनं पेटी आणून देतो केळ्यांची. सगळ्यांसमोर नको ना."

मी विचारलं, "पूजेनंतर या घडाचं काय करणार?"

त्यानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी पोथी बांधत होते, त्यांनीच सांगितलं, की उद्या उत्तरपूजा झाली की खांब आणि निर्माल्य धरणाच्या पाण्यात सोडतील. म्हणजे माझ्या पोरीनं लहानपणापासून वाट बघितलेला घड धरणात तरंगणार होता, कुजून माशांच्या तोंडी जाणार होता. मी चौरंगापाशी गेले, एका हातानं घडाचा दांडा धरला आणि दुसऱ्या हातातल्या कोयत्यानं तोडला. चीक नव्या पांढऱ्या फरशीवर टपटपला. कुणीतरी पुसायला धावलं. मी घड खांद्यावर घेतला, हळद-कुंकवासकट, आणि घरी आले. हे बंगल्याच्या गेटाबाहेर उभे होते. त्यांनी कोयता माझ्या हातून घेतला आणि मागून चालत राहिले.

दोन दिवसांनी लेक आली. मी घड पेंढ्यात घालून, पोत्यात बांधून, चुलीच्या उबेला ठेवला होता. रोज उघडून बघायची. पण केळी कोवळी होती, कंगोरे तसेच. अजून आठ-दहा दिवस झाडावर हवी होती. ती पिकलीच नाहीत, आधी सुरकुतली, मग काळी पडली. काळी पडायच्या आत मी जेवढी सोडवता आली तेवढी सोडवली, काप तळले, भाजी केली. लेक जेवताना म्हणाली, "छान झालीय भाजी." मला तिचं ते छान सहन झालं नाही. पोरगी आठवडाभर भाजी खाऊन विमानात बसली. तिकडून फोन करायची, म्हणायची, इथं केळ्यांवर स्टिकर असतात. मी म्हणायची, असू देत.

गावानं पुढं महिनाभर माझ्या नावानं बोटं मोडली. देवाच्या दारचा घड तोडून नेला, लेकीच्या प्रवासावर सावट आणलं, काय काय. लेक तिकडं सुखरूप पोचली तेव्हा त्यावर कुणी काही बोललं नाही. बंगल्याच्या फरशीवरचा डाग मात्र निघाला नाही. आता त्यावर पायपुसणं टाकलंय, दिवाणखान्याच्या मधोमध, असं कामाला जाणाऱ्या बायका सांगतात.

मी त्याच वेळी ठरवलं आणि ह्यांनाही सांगितलं. केळ कुणालाही देईन. पानं देईन, खांब देईन, वेळ पडली तर घडही देईन. पण मागायला पुढच्या दारानं यायचं, आत येऊन बसायचं, माझ्या हातचा चहा प्यायचा, मग काय ते मागायचं. हे म्हणाले, "कोन येनार मग?" मी म्हटलं, "तेच बघायचंय मला." त्यांनी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं.

ही गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागणार. त्या वर्षी गणपतीत कुंपणाकडून एकही हाक आली नाही. आमच्या आळीतले आले, चहा पिऊन गेले. पलीकडचे एक म्हातारबाबा आले, दार ओलांडलं, बशीत ओतून चहा प्यायले, वर अर्धा कप मागितला आणि पानं घेऊन गेले. बाकीच्यांनी भोरवरून, नसरापूरवरून खांब मागवले म्हणे. मागवू देत की, एसटी आहे, टेम्पो आहेत.

बुडख्याशी मी जे पिल्लू राखलं होतं, ते पुढच्या उन्हाळ्यात फुललं. श्रावणापर्यंत घड चांगला लांब झाला. लेक विजयादशमीला सुटीवर येणार होती. मी पुन्हा टेकू दिला, पुन्हा साडी गुंडाळली. आणि एका सकाळी वहिनी आल्या. पुढच्या दारानं.

मी तांदूळ निवडत होते. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मग आत आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पहिल्यांदा माझं घर आतून बघत होत्या, बाबासाहेबांची तसबीर, लेकीचा पदवीचा फोटो, सगळं नजर चोरून बघत होत्या. म्हणाल्या, "थोरल्याचं काय खरं न्हाई ताई. पावनं येईनात बंगल्यावर. गुरुजी म्हनलं, पूजा अर्धवट ऱ्हायली, पुन्ना करा. घडासकट केळ पायजे."

मला खरंच वाईट वाटलं त्यांचं. म्हणून सांगते, त्या वेळी मी मनानं केळ देऊन टाकली होती. लेकीला पुन्हा बुडखा दाखवायची वेळ आली असती, तरी दिली असती. मी उठले, आलं किसून चहा केला, चांगल्या कपात ओतला आणि त्यांच्या पुढं ठेवला.

वहिनी कपाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "आज सोमवार हाय ताई. उपवास हाय."

"उपवासाला चहा चालतो," मी म्हटलं. "तुम्हीच पिता की, तुमच्या ओट्यावर बसून. मी बघितलंय."

त्यांनी कपाला हात लावला. कपाच्या कानाशी बोटं नेली आणि तिथंच ठेवली. मी बाहेर बघत बसले, त्यांना अवघडायला नको म्हणून. बऱ्याच वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वहिनी उठल्या होत्या. "यीन पुन्ना," म्हणाल्या आणि गेल्या. चहावर साय धरली होती. केळीचा त्यांनी पुन्हा विषयही काढला नाही. खांबापेक्षा कप जड झाला त्यांना.

विजयादशमीला लेक आली तेव्हा कंगोरे मोडले होते, वरची फणी झाडावरच पिवळी झाली होती. मी साडी सोडली आणि तिला म्हटलं, तूच तोड. तिनं एक तोडलं, सोललं, तिथंच चराच्या कडेला उभी राहून खाल्लं. मग दुसरं खाल्लं. हे आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"कसं आहे?" मी विचारलं.

ती म्हणाली, "चांगलं आहे की. बाजारातल्यासारखंच लागतंय, आई."

हे तोंडाला पंचा लावून हसायला लागले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाजारातल्यासारखं लागतंय तर ठेव खाली, एवढी वर्षं मी काय बाजारातल्यासाठी भांडले? तिनं ठेवलं नाही. तिसरं सोललं आणि माझ्या तोंडात घातलं. मीसुद्धा ते पहिल्यांदाच खात होते, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गोड होतं. मला रडू यायला लागलं म्हणून मी तिच्यावरच आणखी ओरडले.

एवढा घड तिघांनी किती खायचा. आमच्या आळीत घरोघर फण्या वाटल्या, म्हातारबाबांकडं एक पाठवली. शेवटी दोन फण्या उरल्या. लेक म्हणाली, "वरच्या आळीत वहिनींकडं एक नेऊन देऊ का? ओट्यावर ठेवून येते."

"नाही," मी म्हटलं. "ओट्यावर काही ठेवायचं नाही आता. खिरीसारखी केळीही म्हशीच्या पाटीत जातील, मला माहीत आहे. हवी असली तर त्यांनी यावं इथं. पुन्हा येईन म्हणून गेल्यात."

ती फणी खुंटीला अडकवून ठेवली आहे. खालच्या फळीवर त्यांचा कप आहे, धुऊन पालथा घातलेला.